उपग्रहांची माहिती वापरून वर्गात भूविज्ञान शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पृथ्वीवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांची माहिती आज कोणत्याही शाळेला मोफत मिळू शकते. तरीही वर्गात ती बहुतेकदा एखादं सुंदर चित्र म्हणून पडद्यावर येते आणि पुढच्या मिनिटाला विसरली जाते. ज्या शिक्षकांना याच्या पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी हे पान आहे. इथल्या जवळजवळ सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: विद्यार्थ्यानं चित्र पाहून थांबू नये, त्यामागचं मोजमाप स्वतःच्या हातानं करून पाहावं.

उपग्रहाचं चित्र म्हणजे वरून काढलेला फोटोच ना?

दिसतं तसं, पण वर्गात पहिल्याच दिवशी हा समज सोडवावा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. अमेरिकेच्या लँडसॅटसारख्या उपग्रहावरचं उपकरण जमिनीवरून परत आलेला प्रकाश मोजतं. निळा, हिरवा, लाल, जवळचा अवरक्त, लघुलहरी अवरक्त असे तरंगलांबीचे वेगवेगळे पट्टे असतात आणि जमिनीच्या प्रत्येक चौकोनासाठी प्रत्येक पट्ट्यात एक आकडा नोंदला जातो. हा चौकोन म्हणजे पिक्सेल. लँडसॅट ८ आणि ९ च्या बहुतेक पट्ट्यांत तो ३० मीटर बाजूचा असतो, युरोपच्या सेंटिनेल-२ च्या दृश्य प्रकाशाच्या पट्ट्यांत १० मीटरचा, तर टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरच्या 'मोडिस' उपकरणात २५० मीटरपासून १ किलोमीटरपर्यंत.

चित्र तयार होतं ते नंतर. तीन पट्टे निवडायचे, त्यांतल्या आकड्यांना लाल, हिरवा आणि निळा रंग द्यायचा. कोणते तीन निवडायचे हे माणूस ठरवतो. एकाच दिवशीच्या, एकाच जागेच्या आकड्यांतून अगदी वेगळी दिसणारी चार चित्रं बनतात आणि चारही खरी असतात.

मुलांना फाइलमधला कच्चा आकडा जरूर दाखवा. लँडसॅटच्या पृष्ठीय परावर्तनाच्या फाइलमध्ये (ही 'कलेक्शन २' मालिकेतली) एखाद्या पिक्सेलचा आकडा १०,००० असेल, तर त्याला ०.००००२७५ नं गुणायचं आणि ०.२ वजा करायचे. उत्तर येतं ०.०७५. म्हणजे त्या पट्ट्यातला पडलेला प्रकाश जमिनीनं साडेसात टक्के परत पाठवला. आकडा २०,००० असेल तर परावर्तन ३५ टक्के. एवढं एक गणित फळ्यावर झालं की 'चित्र' आणि 'मोजमाप' यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

हे कोणत्या इयत्तेपासून शिकवता येतं?

पाचवी-सहावीची मुलं एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं क्रमानं लावू शकतात आणि काय बदललं ते सांगू शकतात. गुणोत्तर आणि टक्केवारी जमू लागली की क्षेत्रफळ मोजणं आणि निर्देशांक काढणं सुरू करावं, साधारण आठवीपासून. तरंगलांबी, विकिरण आणि उष्णता यांचा अभ्यास झालेल्या मोठ्या मुलांना पट्ट्यांची निवड स्वतः करू द्यावी. वयापेक्षा गणिताची तयारी महत्त्वाची.

शाळेत एकच संगणक आहे आणि इंटरनेटचा भरवसा नाही. तरी जमेल का?

जमेल, आणि माझ्या मते पहिले काही तास कागदावरच घ्यावेत. संगणकावर मुलं झूम करत राहतात. कागदावर ती मोजतात.

शिक्षकानं आधीच चार-पाच चित्रं उतरवून एकाच प्रमाणात छापून ठेवावीत. तेही शक्य नसेल तर फळ्यावर दहा बाय दहाचा चौकोन आखा, प्रत्येक घरात ० ते १ मधला एक आकडा लिहा आणि मुलांना वहीत तो रंगवायला सांगा: ०.१ च्या खाली निळा, ०.१ ते ०.३ तपकिरी, त्यावर हिरवा. नदी, तिच्या काठचा ओसाड भाग आणि पलीकडचं जंगल वहीत उमटतं. मग मर्यादा बदला: ०.३ ऐवजी ०.४ करा. आकडे तेच राहिले, तरी जंगल आकसलं. नकाशा बनवणाऱ्यानं मर्यादा कुठे ठेवली यावर नकाशा बदलतो, ही गोष्ट मुलं स्वतः रंगवून शिकतात.

सुरुवातीला कोणता विषय घ्यावा?

मध्य आशियातला अरल समुद्र. हा विषय फार वेळा वापरला गेला आहे हे खरं, पण पहिल्या धड्यासाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण बदल प्रचंड आहे, तो का झाला ते ठाऊक आहे आणि तरीही विचार करायला भरपूर उरतं.

१९६० मध्ये अरल समुद्राचं क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होतं. त्याला पाणी देणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी सोव्हिएत काळात मुख्यतः कापसाच्या शेतीकडे वळवलं गेलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस समुद्राचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले. ऑगस्ट २०१४ मधल्या उपग्रह चित्रांत दक्षिण भागाचा पूर्वेकडचा हिस्सा पूर्ण कोरडा पडलेला दिसतो. उत्तरेला २००५ मध्ये कोकराल बांध पूर्ण झाला आणि तिथली पातळी पुन्हा चढली.

लँडसॅटची १९७० च्या दशकापासूनची आणि मोडिसची २००० पासूनची चित्रं मिळतात. त्यांतली चार-पाच वर्षं निवडा, पण सगळी त्याच महिन्याची घ्या. प्रत्येक गटाला एक चित्र आणि त्यावर ठेवायला पारदर्शक आलेख कागद द्या. अर्ध्याहून जास्त पाणी असलेले चौकोन मोजायचे, चित्रावरच्या मोजपट्टीवरून एका चौकोनाचं क्षेत्रफळ काढायचं, गुणाकार करायचा. मग एकच चित्र दोन गटांना द्या. त्यांची उत्तरं जुळणार नाहीत. इथे घाई करू नका. फरक कुठून आला ते शोधू द्या: किनाऱ्यावरचे अर्धवट चौकोन, उथळ पाण्याचा फिकट रंग, मिठानं पांढरी झालेली जमीन. दोन उत्तरांतला फरक म्हणजे त्या मोजमापाची अनिश्चितता आणि ती आलेखावर उभ्या रेघेनं दाखवायची असते. 'त्रुटी' या शब्दाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

यानंतर खरा भूविज्ञानाचा प्रश्न विचारा: पाणी सगळीकडून सारखं का हटलं नाही? पूर्वेकडचा भाग आधी का गेला आणि पश्चिमेची अरुंद पट्टी का टिकली? पूर्वेचं खोरं उथळ होतं, पश्चिमेचं खोल. तळाचा आकार न पाहता, नुसत्या किनारा सरकण्यावरून मुलं तो ओळखतात. धडा इथपर्यंत आला की तो भूगोलाच्या पुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा खूप पुढे गेलेला असतो.

ज्यांना ज्वालामुखी घ्यायचा आहे त्यांनी अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स घ्यावा. १८ मे १९८० च्या उद्रेकाआधीची आणि नंतरच्या दशकांची लँडसॅट चित्रं उपलब्ध आहेत. उद्ध्वस्त उतारावर वनस्पती कोणत्या बाजूनं आणि किती वेगानं परतली, हा प्रश्न महिनाभर पुरतो.

काही चित्रांत झाडं लाल का दिसतात?

कारण त्या चित्रात लाल रंग जवळच्या अवरक्त पट्ट्याला दिलेला असतो. हिरवी पानं प्रकाशसंश्लेषणासाठी लाल प्रकाश शोषून घेतात, पण जवळचे अवरक्त किरण त्यांच्या आतल्या पेशीरचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकले जातात. डोळ्याला ते दिसत नाहीत, उपकरणाला दिसतात. म्हणून निरोगी, दाट वनस्पती अशा छद्मरंगी चित्रात भडक लाल दिसते.

याच फरकावर 'एनडीव्हीआय' हा वनस्पती निर्देशांक उभा आहे. जवळच्या अवरक्त परावर्तनातून लाल परावर्तन वजा करायचं आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. उत्तर उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान येतं. वर घेतलेले आकडेच वापरा: लाल ०.०७५, अवरक्त ०.३५. वजाबाकी ०.२७५, बेरीज ०.४२५, भागाकार सुमारे ०.६५. चांगली दाट हिरवळ.

आता तेच गणित कच्च्या आकड्यांवर करा, म्हणजे १०,००० आणि २०,००० वर. उत्तर येतं ०.३३, म्हणजे तीच जागा विरळ गवताची वाटू लागते. परावर्तनात रूपांतर करायचं राहिलं की निष्कर्षच बदलतो. ही तुलना वर्गात जरूर करावी. एकक आणि मापनश्रेणी का तपासायची याचं उत्तर त्यात आहे.

भागाकार कशासाठी, नुसती वजाबाकी का नाही, असं एखादं मूल विचारेल. डोंगराच्या सावलीतल्या उतारावर दोन्ही पट्ट्यांतला प्रकाश कमी होतो. बेरजेनं भागल्यावर त्या कमीपणाचा बराचसा परिणाम निघून जातो. मुलांनाच दोन्ही आकडे निम्मे करून पाहायला सांगा.

माहिती कुठून घ्यायची? पैसे लागतात का?

शाळेच्या कामासाठी नाही. लँडसॅटचा पूर्ण साठा २००८ मध्ये सर्वांना मोफत खुला झाला. त्याआधी प्रत्येक चित्र विकत घ्यावं लागे. सेंटिनेल मालिकेची माहिती सुरुवातीपासून खुली आहे.

रोजची पृथ्वी पाहायला नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' सर्वांत सोपं. ब्राउझरमध्ये चालतं, पाहण्यासाठी नोंदणी लागत नाही, बहुतेक चित्रं उपग्रहानं टिपल्यावर काही तासांत येतात आणि दोन तारखा शेजारी ठेवून सरकत्या रेघेनं तुलना करता येते. वणव्याचा धूर, धुळीची वादळं, चक्रीवादळं यांसाठी आणखी काही शोधायची गरज नाही. १० मीटरचा तपशील हवा असेल तर सेंटिनेलची चित्रं दाखवणारा 'कोपर्निकस ब्राउझर'. लँडसॅटच्या मूळ फाइल 'अर्थ एक्सप्लोरर'वर मिळतात. इस्रोचं 'भुवन' हे संकेतस्थळही आहे. फाइल उतरवून स्वतः पट्टे जोडायचे असतील तर 'क्यूजीआयएस' ही मोफत संगणकप्रणाली पुरेशी आहे, पण लँडसॅटच्या एका पूर्ण दृश्याची सगळे पट्टे धरून फाइल सुमारे एक जीबी भरते हे लक्षात ठेवून ती घरी किंवा आदल्या दिवशी उतरवावी.

एका वर्षात एकच साधन नीट शिकवा. दर तासाला नवं संकेतस्थळ आलं की मुलं बटणं शिकतात, विषय मागे राहतो.

एकाच जागेचं रोजचं आणि बारीक तपशिलाचं चित्र का मिळत नाही?

हा प्रश्न वर्गात आला तर पुढचा संपूर्ण तास त्याला द्यावा.

लँडसॅट सुमारे ७०५ किलोमीटर उंचीवरून ध्रुवांजवळून फिरतो आणि एका फेरीत १८५ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. त्यामुळे तीच जागा पुन्हा पाहायला त्याला १६ दिवस लागतात. ८ आणि ९ हे दोन उपग्रह मिळून ८ दिवस. सेंटिनेल-२ चा पट्टा २९० किलोमीटरचा आहे आणि जोडीनं ५ दिवसांत परत येतो. मोडिसचा पट्टा तब्बल २,३३० किलोमीटर रुंद असल्यानं तो जवळजवळ रोज सगळी पृथ्वी पाहतो, पण २५० मीटरपेक्षा बारीक नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबर फिरतात, म्हणून त्यांना एकच बाजू सतत दिसते. हिमावारी किंवा गोज मालिकेतले नवे उपग्रह दर १० मिनिटांनी ती पूर्ण बाजू टिपतात. तपशील मात्र अर्धा किलोमीटर ते दोन किलोमीटरचा.

वर्गात ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर मुलांना या उंच्या त्याच प्रमाणात काढायला सांगा. लँडसॅट गोलापासून दीड सेंटिमीटरपेक्षा जरासा वर येतो. भूस्थिर उपग्रह ८४ सेंटिमीटर लांब, म्हणजे शेजारच्या बाकावर. सूत्र न सांगता मुलं विचारू लागतात की मग तिथून ध्रुव दिसत असेल का. ध्रुव दिसत नाही, त्याच्या आसपासचा भागही फार तिरपा दिसतो, आणि म्हणूनच ध्रुवीय कक्षाही लागतात.

मग निवड त्यांच्यावर सोपवा: पुरासाठी कोणता उपग्रह, हिमनदीसाठी कोणता, वादळासाठी कोणता? कारण द्यायला लावा.

आम्हाला हव्या त्या दिवशी नेमके ढग असतात. काय करावं?

कोणत्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो, तेव्हा हे अडथळे सतत येणारच. दृश्य आणि अवरक्त चित्रांसाठी आसपासच्या तारखा घ्या किंवा आठ-सोळा दिवसांतले स्वच्छ पिक्सेल जोडून बनवलेली संकलित चित्रं वापरा. संकलित चित्रातले शेजारचे दोन पिक्सेल वेगवेगळ्या दिवसांचे असू शकतात, हे मुलांना सांगायला विसरू नका.

पूर शिकवायचा असेल तर रडारकडे वळा. सेंटिनेल-१ साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीच्या लहरी स्वतः सोडतो आणि परत आलेल्या मोजतो. ढग आणि रात्र त्याला अडवत नाहीत. शांत पाण्यावरून लहर दुसऱ्या दिशेला निसटते, म्हणून पाणी काळं दिसतं. खडबडीत जमीन उजळ दिसते. वाऱ्यानं लाटा उठल्या की पाणीही उजळतं, तेव्हा काळं नसलेलं सगळं कोरडं असं मानू नये. नासा आणि इस्रो यांचा 'निसार' हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी सोडला गेला. त्यात एल आणि एस या दोन पट्ट्यांचं, म्हणजे दोन वेगळ्या तरंगलांबींचं, रडार एकत्र आहे.

उपग्रह जमिनीचं तापमान इतकं जास्त का दाखवतो?

कारण तो हवेचं तापमान मोजत नाही. हवामान केंद्रावरचा तापमापक जमिनीपासून सुमारे दीड-दोन मीटर उंचीवर, सावलीत, हवेचं तापमान नोंदवतो. उपग्रह मोजतो ते पृष्ठभागातून निघणारं अवरक्त विकिरण, म्हणजे वाळूच्या, डांबराच्या, पानांच्या सगळ्यात वरच्या थराचं तापमान. इराणच्या लूत वाळवंटात २००५ मध्ये ॲक्वावरच्या मोडिसनं ७०.७ अंश सेल्सिअस नोंदवलं. हवेच्या तापमानाचा जागतिक विक्रम म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत असलेला आकडा ५६.७ अंशांचा आहे, डेथ व्हॅलीतला, १९१३ चा. दोन्ही आकड्यांत विरोध नाही, कारण दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत.

अवरक्त तापमापक असेल तर दुपारी मैदानात उघडी माती, गवत, काँक्रीट आणि झाडाची सावली मोजून घ्या आणि शेजारी हवेचं तापमान लिहा. उष्ण शहरांचे उपग्रह नकाशे त्यानंतर मुलं वेगळ्या नजरेनं वाचतात.

काही जुन्या लँडसॅट चित्रांवर काळ्या तिरक्या पट्ट्या आहेत. फाइल खराब आहे का?

नाही. लँडसॅट ७ वरचा, उपग्रहाच्या पुढे सरकण्याची भरपाई करणारा भाग ३१ मे २००३ रोजी बंद पडला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक दृश्यातली सुमारे २२ टक्के जागा रिकामी राहिली. मधल्या भागात पट्ट्या नसतात, कडेला रुंद होत जातात. त्या काळासाठी लँडसॅट ५ ची चित्रं शोधा.

नकाशावरचे रंग मुलं चुकीचे वाचतात. उपाय?

आधी नकाशा झाका आणि फक्त रंगपट्टी व तिचं एकक दाखवा. काय मोजलंय, किती ते किती, कुठल्या काळाचं, हे सांगता आल्यावरच नकाशा उघडा.

सर्वांत जास्त घोळ 'सरासरीपेक्षा फरक' दाखवणाऱ्या नकाशांत होतो. एल निन्योच्या वर्षी, उदाहरणार्थ १९९७-९८ किंवा २०१५-१६ मध्ये, प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागावर लाल पट्टा दिसतो. तिथलं पाणी जगात सर्वांत गरम आहे असा त्याचा अर्थ मुलं लावतात. लाल म्हणजे त्या जागी त्या महिन्यात नेहमी असतं त्याहून गरम. ध्रुवाजवळचं थंडगार पाणीही अशा नकाशात लाल असू शकतं. एकाच महिन्याचा प्रत्यक्ष तापमानाचा आणि फरकाचा, असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवा.

दोन वर्षांची चित्रं दाखवून हवामानबदल सिद्ध होतो का?

होत नाही, आणि शिक्षकानंच हे ठामपणे सांगायला हवं. आर्क्टिक समुद्रातल्या बर्फाचं उदाहरण घ्या. १९७८ च्या अखेरीपासून सूक्ष्मलहरी उपकरणांनी त्याची सलग नोंद ठेवली आहे. ही उपकरणं ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीतही मोजतात. सप्टेंबर २०१२ मध्ये बर्फाचा विस्तार सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घसरला, हा या नोंदीतला नीचांक. पुढच्याच वर्षी तो ५० लाखांच्या वर होता. फक्त ही दोन वर्षं हातात दिली तर विद्यार्थी बर्फ वाढतोय म्हणेल, आणि त्याच्या माहितीपुरतं ते बरोबरच असेल.

आता सगळी वर्षं आलेखावर घ्या. १९८० च्या दशकात वार्षिक नीचांक एकदाही ६० लाखांच्या खाली गेला नव्हता. २०१३ चं 'वाढलेलं' वर्षही त्या दशकातल्या कुठल्याही वर्षापेक्षा खाली आहे. वर्षागणिक चढउतार आणि दीर्घकाळचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका आलेखावर मुलं स्वतः पाहतात. समुद्रपातळीसाठीही तसंच: टोपेक्स-पोसायडन हा उपग्रह १९९२ मध्ये सोडला गेला, त्यानंतर जेसन मालिका आणि २०२० पासून सेंटिनेल-६. या सलग नोंदीत १९९३ पासून जागतिक सरासरी पातळी सुमारे १० सेंटिमीटर चढलेली दिसते.

उपग्रहाचं मोजमाप बरोबर आहे हे कशावरून?

जमिनीवर जाऊन तपासल्यावरून. यासाठी ओझोनची हकिगत वर्गात सांगावी, कारण ती बहुतेक ठिकाणी अर्धवट सांगितली जाते.

मे १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी तिथल्या हॅली या केंद्रावरच्या जमिनीवरील उपकरणाच्या नोंदींवरून अंटार्क्टिकावरचा ओझोन वसंत ऋतूत झपाट्यानं कमी होत असल्याचं जाहीर केलं. निम्बस-७ हा उपग्रह तेव्हा वरून ओझोन मोजतच होता. त्याला हे दिसलं नाही का? दिसलं होतं. पण संगणकप्रणाली फार कमी आलेल्या आकड्यांवर 'शंकास्पद' अशी खूण करत होती, आणि इतका कमी ओझोन कुणाला अपेक्षित नव्हता. ते आकडे फेकून दिले होते असं म्हणतात, ते खरं नाही. ते जपलेले होते. म्हणूनच पुन्हा तपासता आले आणि ही घट एका केंद्रापुरती नसून जवळजवळ खंडाएवढी पसरली आहे हे उपग्रहानंच दाखवलं. १९८७ मध्ये ओझोन नष्ट करणाऱ्या रसायनांवर बंधनं घालणारा माँट्रियल करार झाला.

जमिनीवरच्या एका जागेनं इशारा दिला, उपग्रहानं व्याप्ती दाखवली. दोघांपैकी एकावर भागलं नसतं. विद्यार्थीही या कामात भाग घेऊ शकतात: १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'ग्लोब' कार्यक्रमात शाळा ढग, तापमान, मातीतला ओलावा यांच्या नोंदी पाठवतात, आणि उपग्रह डोक्यावरून जाताना केलेली ढगांची नोंद त्या उपग्रहाच्या नोंदीशी जुळवून परत कळवली जाते. उपग्रहाला वरून फक्त वरचा थर दिसतो. खालचे ढग जमिनीवरच्या मुलालाच दिसतात.

भूकंप आणि ज्वालामुखी यांत उपग्रहांचा काय उपयोग?

भूकंप कधी होणार हे उपग्रह सांगू शकत नाही. झाल्यावर जमीन किती सरकली ते मात्र फार बारकाईनं सांगतो. भूकंपाआधीच्या आणि नंतरच्या रडार लहरींच्या कलेतला (फेजमधला) फरक काढला की सेंटिमीटरभर हालचालही रंगीत वलयांच्या रूपात दिसते. कॅलिफोर्नियातल्या लँडर्स इथे २८ जून १९९२ ला झालेल्या भूकंपाचं असं चित्र ईआरएस-१ च्या माहितीवरून तयार झालं आणि ही पद्धत जगाला माहीत झाली. वलयं मोजून विस्थापन काढणं दहावीच्या पुढच्या मुलांना छान जमतं.

ज्वालामुखीसाठी प्रशांत महासागरातला हुंगा टोंगा-हुंगा हापाई. १५ जानेवारी २०२२ च्या उद्रेकाचा स्तंभ सुमारे ५७ किलोमीटर उंच गेला. ही उंची कशी कळली? वेगवेगळ्या जागांवरच्या भूस्थिर उपग्रहांनी तो वेगवेगळ्या कोनांतून पाहिला आणि त्या कोनांतल्या फरकावरून उंची काढली. त्रिकोणमितीच्या शिक्षकांना सोबत घ्या.

भूजल दिसतं का?

दिसत नाही, पण त्याचं वजन जाणवतं. २००२ ते २०१७ दरम्यान 'ग्रेस'चे दोन उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागून एक फिरत होते. खाली वस्तुमान जास्त असलेल्या भागाकडे जाताना पुढचा आधी ओढला जातो, अंतर किंचित बदलतं, आणि तेवढ्यावरून महिन्यागणिक पाण्याचं आणि बर्फाचं वस्तुमान कळतं. २०१८ पासून त्यांची पुढची जोडी काम करते आहे. ग्रीनलंडमधून दरवर्षी सरासरी २५० अब्ज टनांहून अधिक बर्फ कमी होतोय, हे यातूनच समोर आलं. मात्र ही नजर शेकडो किलोमीटरची आहे. एका विहिरीसाठी किंवा एका गावासाठी हा नकाशा वापरू देऊ नका.

उपग्रह आपल्याला बघतो का, असं मुलं विचारतात.

१० मीटरच्या पिक्सेलमध्ये माणूस सापडत नाही, एखादं मोठं झाड जेमतेम सापडेल. व्यावसायिक उपग्रहांचा तपशील ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. त्यात गाडी ओळखू येते, चेहरा नाही.

प्रकल्पाचं मूल्यमापन कसं करावं?

सुंदर नकाशाला गुण देऊ नका. मी चार गोष्टी पाहतो: प्रश्न आधी लिहिला होता का, त्या प्रश्नाला योग्य उपग्रह निवडला का, अनिश्चितता आकड्यात सांगितली का, आणि 'या चित्रावरून काय सांगता येत नाही' यावर निदान एक परिच्छेद आहे का. चौथ्याला सर्वांत जास्त गुण. 'तळ्याचं पाणी कमी झालं' असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानं त्याच महिन्याची तुलना केली का, त्या वर्षीचा पाऊस पाहिला का, पाणवनस्पतींनी झाकलेलं पाणी जमीन म्हणून तर मोजलं नाही ना, हे विचारावं. निष्कर्ष चुकला आणि तपासणी प्रामाणिक असली तर पूर्ण गुण द्यायला मला काहीच अडचण वाटत नाही.

चित्रं छापताना किंवा प्रदर्शनात लावताना परवानगी लागते का?

लँडसॅटची चित्रं सार्वजनिक मालकीची आहेत. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि नासा यांचा उल्लेख करावा. सेंटिनेलच्या चित्राखाली कोपर्निकसची माहिती वापरल्याचं आणि तिचं वर्ष लिहावं लागतं. त्याखालीच उपग्रहाचं नाव, तारीख आणि वापरलेले पट्टे विद्यार्थ्यांना लिहायला लावा. म्हणजे पुढच्या वर्षीचा वर्ग तेच चित्र पुन्हा बनवून उत्तर ताडून पाहू शकेल.